वर्गाला पाठ न दाखवण्याचा पण

गणिताच्या सरांना सगळी शाळा ‘शू सर’ म्हणायची. वर्गात पाऊल टाकलं की त्यांचं “शू... शू...” सुरू व्हायचं, ते घंटा होईपर्यंत. बावीस वर्षं शिकवूनही वर्ग काही त्यांना आवरायचा नाही. शेजारच्या वर्गावरच्या बाई मधूनच दारात येऊन डोळे वटारायच्या, मुलं चिडीचूप. बाई वळल्या की पुन्हा बाजार. सरांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यात यंदा त्यांची धाकटी लेक सातवीत, त्यांच्याच वर्गात आली. पहिल्याच आठवड्यात जेवताना सरांनी विषय काढला.

“कोण करतं गं एवढा दंगा? नावं सांग बघू.”

“नावं नाही सांगणार. मला त्यांच्यातच बसायचंय. पण तुमचं काय चुकतं ते सांगते.”

सरांचा घास हातातच राहिला. बायको मात्र सरसावून बसली. “सांग, सांग. मी सांगितलं तर कोण ऐकतंय!”

“बाबा, फळ्याकडे वळलात की तुम्ही दहा-दहा मिनिटं आमच्याकडे बघतच नाही. तेवढ्यात मागे खोडरबराचं क्रिकेट चालतं. काल सहा विकेट पडल्या.”

“आणि तू काय करतेस?”

“मी पंच असते.”

सरांनी त्या दिवशी पणच केला: यापुढे वर्गाला पाठ दाखवायची नाही.

दुसऱ्या दिवशी ते फळ्याला टेकून उभे राहिले. तोंड मुलांकडे, खडू मागे. आकडे असे घरंगळत गेले की अपूर्णांकाची रेघ थेट खिडकीच्या चौकटीवर जाऊन थांबली. वर्ग खो खो हसला. पण हसता हसता जो तो मान वाकडी करून वाचायलाही लागला.

“सर, तो सात आहे की एक?”

“सर, छेद कुठे गेला?”

मागच्या बाकावर ‘भोंगा’ बसायची. तिचा आवाज मैदानापलीकडे जायचा. ती ताडकन उठली. “सर, उत्तर चुकलं! खाली आठ हवा, तुम्ही सहा लिहिलाय!”

सरांनी मान वळवून पाहिलं. खरंच सहा होता.

“मुद्दाम लिहिला. कोण जागं आहे ते बघत होतो.”

“खोटं!” अख्खा वर्ग ओरडला, लेकीसकट.

सरांनाही हसू फुटलं. त्यांनी खडू पुढे केला. “मग ये, तूच सोडव. बाकीच्यांनी हिची चूक पकडायची.”

झालं! भोंगा एक ओळ लिहायची आणि चौघं तिच्यावर तुटून पडायचे. आरडाओरडा ऐकून मुख्याध्यापक धावत आले. दारात थबकून त्यांनी फळा वाचला. त्यांनाही राहवेना.

“अरे, तिसऱ्या ओळीत गडबड आहे!”

“सर, हात वर करून बोला,” पहिल्या बाकावरून आवाज आला.

मुख्याध्यापकांनी निमूटपणे हात वर केला.

संध्याकाळी सर शीळ घालतच घरी आले. सदरा धुवायला घेताना बायको दचकली. “अहो, तुमच्या सदऱ्याच्या पाठीवर कोणी गणित सोडवलंय?”

“बरोबर आहे का बघ,” सर म्हणाले.