डंकीच्या कपाळावरचं कुंकू

मार्चची अठरा तारीख. रक्कम ऐंशी हजार. हजर होते ते इंदापूरहून आलेले तपासणी अधिकारी, बचत गटाच्या दहा बायका आणि मी. कारण डंकी आमच्या सणसरच्या पडवीत बसवली होती आणि गटाची सचिव माझी बायको.

डंकी म्हणजे मिरची-मसाला कांडायचं यंत्र. किंमत एक लाख साठ हजार. निम्मे गटाने भरले, बाईमागे आठ हजार. उरलेले निम्मे सरकार थेट बारामतीच्या दुकानदाराला देणार. पण तपासणीचा कागद एकतीस मार्चच्या आत वर गेला तरच. नाहीतर ते ऐंशीही बायकांनी भरायचे किंवा डंकी परत करायची. त्यांच्याकडे नव्हते. माझ्याकडेही नव्हते, मी दोनदा हिशेब करून पाहिला होता.

साहेबांनी डंकी चालवून पाहिली, फोटो काढला आणि विचारलं, "नंबरची पाटी?"

पाटी जागेवर होती. तिच्यावर नंबर नव्हता.

झालं असं की, डंकी आली त्या दिवशी माझ्या चुलत आत्याबाईंनी, म्हणजे गटातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईने, तिची पूजा केली. पुढच्या बाजूला गुळगुळीत जागा त्या पाटीचीच. तेच कपाळ धरून त्यांनी तेलात कालवलेलं कुंकू भरपूर चोपडलं. तपासणीच्या आदल्या दिवशी बायकोने डिझेल लावून तारेच्या घासणीने ते घासलं. कुंकवाबरोबर छापलेला नंबरही गेला.

"बिलावर नंबर आहे, साहेब," मी म्हणालो.

"असेल. पण तो याच यंत्राचा कशावरून? मला पाटीचा फोटो जोडावा लागतो."

"मग कपाळ मोकळं ठेवायचं का?" आत्याबाई म्हणाल्या. "हितं कुंकू लावू नका, असं कुठं लिव्हलं न्हाय."

साहेब हसले, पण सही केली नाही. दुकानदाराचं पत्र घ्या, नवी पाटी लावा, म्हणाले. "पंचवीसनंतर अंथुर्ण्याला येणार आहे. जमलं तर इकडून जाईन."

ते 'जमलं तर' माझ्या डोक्यातून जाईना.

"अवो, खिळ्यानं आपनच कोरू या की," बायको म्हणाली. "नंबर खराच हाय."

"नंबर खरा आहे. पण तो कोरायचा अधिकार आपला नाही."



दुसऱ्या दिवशी बारामतीला गेलो. दुकानदार म्हणाला, "गाडीला हार घालतात ते बरं, निदान काढता येतो." पण बघितल्याशिवाय पत्र देणार नाही, असं सांगून तो स्वतः सणसरला आला. मोटरचा नंबर त्याच्याकडच्या नोंदीशी जुळला, तेव्हाच पत्रावर सही केली. पितळी पाटी त्याच्या सांगण्यावरून बारामतीतच कोरून घेतली आणि त्याच्याच माणसाने ती बसवली.

पंचवीस गेली, सव्वीस गेली. साहेब फोन उचलेनात. गावातून मिरच्यांची पोती यायला लागली होती. डंकी परत द्यावी लागली तर, म्हणून बायकांनी ती चालवायचं थांबवलं. गिऱ्हाईकं दुसऱ्या गिरणीकडे वळत होती. रस्त्यावर जीप वाजली की बायको दारात जायची आणि तशीच परत यायची. खिळ्याने कोरलं असतं तरी साहेब आले नसतेच, हे माझं मलाच पुन्हा पुन्हा सांगत होतो.

अठ्ठावीसला दुपारी साहेब आले. पाटीचा फोटो घेतला, पत्र पाहिलं.

"कुंकू?" त्यांनी विचारलं.

"मागच्या अंगाला लावलंय," आत्याबाई म्हणाल्या. "तिकडं तुमचं काय काम न्हाय."

साहेबांनी सही केली. तरी पैसे येईपर्यंत मला स्वस्थता नव्हती.

एप्रिलमध्ये दुकानदाराच्या खात्यात ऐंशी हजार जमा झाले. पाटी कोरणाऱ्याला दीडशे मी दिले होते. त्यातले पंच्याहत्तर मला चोपडणारीने दिले, पंच्याहत्तर घासणारीने.