बर्फावरची एक जागा

अकरा वर्षं मी हिमनद्यांवर काम करते आहे आणि अजून एकही हिमनदी मी डोळ्यांनी पाहिलेली नाही. हे मी सहसा कुणाला सांगत नाही. ऐकणारा आधी हसतो, मग सांत्वन करायला लागतो, आणि मला दोन्हीचा सारखाच राग येतो.

माझं काम म्हणजे उपग्रहांनी टिपलेली चित्रं. नायगावच्या चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसून मी उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाची उंची मोजते, गेल्या वर्षीच्या उंचीतून वजा करते, आणि उणे आलं की, म्हणजे जवळजवळ नेहमीच, त्याची नोंद करते. खिडकीतून खाडी आणि मिठागरं दिसतात. नातेवाईक विचारतात, तिकडचं बर्फ वितळलं तर आपल्याला काय? मी समुद्राच्या पातळीचं सांगायला लागते, पावसाच्या बदलत्या चालीचं सांगायला लागते, तोवर त्यांचा चहा संपलेला असतो. एक काका तर म्हणाले, पाणी वाहताना बघायची एवढी हौस आहे तर पावसाळ्यात चिंचोटीच्या धबधब्यावर जा की. मी हसले. घरी येऊन भांडी जरा आपटूनच घासली.

यंदा मात्र खरी संधी आली. नॉर्वे, पोलंड, जपान आणि आम्ही, अशा चौघांनी मिळून नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवरच्या एका हिमनदीचा अभ्यास करायचं ठरलं. दर गुरुवारी दुपारी अडीचला ऑनलाइन बैठक असे. काम सांगायला सोपं होतं: पुढच्या वर्षी वसंतात बर्फात खोल भोकं पाडून लांब काठ्या रोवायच्या, उन्हाळा सरल्यावर परत जाऊन बघायचं की काठी किती उघडी पडली. जेवढी उघडी पडली तेवढं बर्फ गेलं. माझी उपग्रहाची मोजमापं बरोबर की चूक, हेही त्या काठ्याच सांगणार होत्या. पण ठरवताना एकेका गोष्टीवर तास जात. काठ्या किती, कुठे, कोणत्या आठवड्यात, ड्रिल कुणाचं, हिमस्कूटरला इंधन कोण पुरवणार, आकडे आधी कुणी वापरायचे. जपानचे प्राध्यापक एक अक्षर न बोलता सगळं लिहून घेत आणि शेवटी असा एकच प्रश्न विचारत की अख्खी बैठक पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

हिमनदीजवळच्या झोपडीत सहाच बिछाने होते. पाच माणसं ठरलेली होती. सहावी जागा मोकळी होती.

गटाचे प्रमुख नॉर्वेचे, साठी उलटलेले, बर्फावर आयुष्य काढलेले. मार्चमधल्या एका बैठकीत त्यांनी मला सरळ विचारलं, "सहावी जागा तुला हवी आहे का?"

हवीच होती. आणि मी म्हणाले, "छे, छे, माझं काय! तरुणांपैकी कुणाला तरी पाठवा. मी इथून काम करेन, मला काही फरक पडत नाही."

आता यावर काय व्हायला हवं होतं? त्यांनी म्हणायला हवं होतं, अगं असं कसं, तू यायलाच हवंस. मी म्हणाले असते, बघू या. मग पोलंडची किंवा जपानची मंडळी म्हणाली असती, बघू या नाही, ठरलं. मग मी जरा आढेवेढे घेऊन हो म्हणाले असते. आमच्याकडे पोळीसुद्धा अशीच वाढतात.

ते म्हणाले, "हा तुझा मोठेपणा आहे. धन्यवाद." आणि पुढचा विषय घेतला. इंधनाचा.

त्यानंतरचे दोन महिने मी स्वस्थ म्हणून बसले नाही. ते पुन्हा विचारतील, पुढच्या गुरुवारी नक्की, अशी वाट बघत राहिले. बैठकीत मुद्दाम विषय काढायची. तिथे थंडीत बॅटरी किती टिकते हो? झोपडीत पाणी कसं करता? ते फार आपुलकीने उत्तरं देत. बर्फ वितळवून, म्हणाले. पुन्हा विचारलं मात्र नाही. मी मनात मांडे खात होते आणि तिकडे सगळ्यांचं ताट केव्हाच वाढून झालं होतं.

मे महिन्यात अंतिम आराखडा आला. पोलंडची एक मुलगी, नुकतीच पीएचडी झालेली, सहाव्या जागेवर. माझं नाव "माहितीचं विश्लेषण" या रकान्यात. शुक्रवारी आराखडा निधी देणाऱ्या संस्थेकडे जाणार होता, त्यानंतर नाव बदलणं अशक्य. मला इतका संताप आला की मी लॅपटॉप मिटला आणि भर उन्हात स्कूटर काढून बाबांकडे वसईला गेले. संताप त्यांचा, त्या नॉर्वेकरांचा. एवढा शिकलेला माणूस, आणि एवढंही कळू नये?

बाबा वाडीत एकटेच राहतात. आई जाऊन तीन वर्षं झाली. केळीला पाणी सोडून ते नुकतेच आत आले होते आणि जेवायला बसत होते. कोलंबीचं कालवण आणि भात. वास ओटीपर्यंत आला होता.

"जेवतेस?" त्यांनी विचारलं.

"नको. खाऊनच निघाले."

खोटं होतं ते. सकाळपासून पोटात चहापलीकडे काही नव्हतं. बाबांनी मान हलवली, कालवण स्वतःला वाढून घेतलं, उरलेल्यावर झाकण ठेवलं आणि शांतपणे जेवायला लागले. मी समोर बसून बघत राहिले. त्यांनी कोलंबीचं एकेक साल काढून ताटाच्या कडेला लावलं. ते दुसऱ्यांदा भात घेत होते तेव्हा माझा तोल सुटला.

"बाबा, एकदा तरी परत विचाराल की नाही माणसाला?"

त्यांचा हात थांबला. "तूच नको म्हणालीस ना?"

"म्हणून काय झालं? म्हणतातच ना तसं!"

"मंग मी काय समजू?" ते रागावले नव्हते, खरोखरच विचारत होते. "तुझं कुठलं नाय खरं नि कुठलं खोटं, ते तुझ्या आईला कळायचं. मला नाय कळत, बाय. मला सांगायला लागतं."

त्यांनी उठून ताट घेतलं आणि मला वाढलं. मी जेवले. रडू येत होतं, पण भूक त्याहून जास्त होती. भीड ही भिकेची बहीण, असं आई म्हणायची, आणि तीच आई आम्हाला पाहुण्यांकडे नेताना दारात बजावायची की पहिल्यांदा दिलं तर घ्यायचं नाही. दोन्ही गोष्टी तिनेच शिकवल्या. त्यातली सोयीची मी पाळत आले होते. म्हाताऱ्या नॉर्वेकरांनी मला अगदी बाबांसारखंच विचारलं होतं आणि माझं उत्तर खरं मानलं होतं. मला कुणी मुद्दाम दुखावलं नव्हतं, मुळात कुणी दुखावलंच नव्हतं. आता कुणावर रागवायचं तेही उरलं नाही, आणि त्याने अस्वस्थपणा उलट वाढलाच.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. परतीच्या वाटेवर स्कूटरवर आणि रात्रभर अंथरुणात मी एकच वाक्य घोळवत होते. अडीच वाजता सगळे चेहरे पडद्यावर आले. आराखड्यावर कुणाला काही म्हणायचं आहे का, असं प्रमुखांनी विचारलं.

"मला बर्फावर जायचं आहे," मी म्हणाले. "मार्चमध्ये मी नको म्हणाले ते खरं नव्हतं."

जपानच्या प्राध्यापकांची लेखणी थांबली.

"मग तू नको का म्हणालीस?" प्रमुखांनी विचारलं.

"आमच्याकडे पहिल्यांदा नकोच म्हणतात."

"आणि आम्ही किती वेळा विचारायचं असतं?"

"निदान तीनदा."

सगळे हसले, मीसुद्धा. पण हसणं ओसरल्यावर बिछाने सहाचे सहाच राहिले. प्रमुख कपाळ चोळत म्हणाले की झोपडी काही वाढवता यायची नाही. तिथे अस्वलांमुळे बंदूक चालवायला शिकावी लागते, आणि पोलंडच्या मुलीने त्या प्रशिक्षणात नावही घातलं होतं. बैठक सुरू होतानाच तिने नवे बूट कॅमेऱ्यासमोर धरून सगळ्यांना दाखवले होते.

तीच बोलली. "मग तिलाच जाऊ द्या," ती म्हणाली. "इतकी वर्षं ती काम करते आहे. मी नंतर कधीतरी जाईन. मला काही फरक पडत नाही."

ती हसत होती. हे बोलताना तिने पडद्याकडे बघितलं नाही, टेबलावरचं काहीतरी सरळ करत राहिली.

नको गं, तूच जा, हे शब्द माझ्या दातांपर्यंत आले होते. जन्मभराची सवय ती. प्रमुखांनी चष्मा वर सरकवून तिला विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, नक्की. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

तिथल्या सगळ्या माणसांत ते वाक्य ओळखू शकेल अशी मी एकटीच होते. अजून दोनदा विचारायचं राहिलं होतं.

मी "थँक यू" म्हणाले, आणि त्यांनी माझं नाव लिहून घेतलं.