भुकेला कोळसा

माझ्या नाकाला माज आहे, असं माझी बायको म्हणायची. खरंच होतं ते. मी कोल्हापुरात एका कचेरीत कारकून. उचगावच्या पुढं आमचं गाव, तिथून रोज सायकलनं जायचं आणि यायचं. दिवसभर फायलींची धूळ हुंगताना या नाकाची काही तक्रार नसे. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की मात्र ते मुरडायचं. घराला लागूनच गोठा, गोठ्यात एक म्हैस, आणि तिचं मूत फरशीवरून वाहत परसातल्या गटारीला लागलेलं. बायको ताटात भाकरी वाढायला आली की मी म्हणायचो, "परत हात धू." ती काही न बोलता उठायची, मोरीत जाऊन हात धुवून यायची आणि वाढायची. हे एकदोन दिवस नव्हे, वर्षानुवर्षं चाललं.

लग्नानंतर चारपाच वर्षांनी तिनं गोठ्यात कोळशाचा चुरा अंथरायला सुरुवात केली. म्हशीच्या पायाखाली बोटभर जाड थर. वास निम्मा झाला. मला वाटलं, आपल्या नाकासाठी केलं बिचारीनं. मनातून सुखावलो, पण तसं बोलून दाखवलं नाही. उलट फरशी काळी झाली म्हणून कुरकुर केली.

तो कोळसा ती स्वतः करायची. आमच्याकडं ऊस तोडून गेला की रानातलं पाचट जागेवर पेटवून द्यायची पद्धत. एक काडी ओढली की तासाभरात रान काळं. ती आमच्या वाट्याचं पाचट ओढून काढायची, त्यात तुरकाट्या, शाळूची धसकटं घालायची, विहिरीजवळच्या खड्ड्यात पेटवायची आणि जाळ जरा बसला की वरून ओली माती लोटून आग कोंडून टाकायची. दोन दिवसांनी उकरलं की आत राख नसायची, कोळसा असायचा. तो बडवून चुरा करायचा आणि टोपलीनं गोठ्यात न्यायचा.

मी एकदा हसलो तिला. म्हटलं, "सगळं गाव जाळून मोकळं होतंय आणि तू अर्धवट जाळत बसतीस."

"पुरतं जाळलं की राख हुती," ती म्हणाली. "राख पावसाबरुबर जाती. माज्या म्हायेरी गगनबावड्याला पाऊस रानातलं सगळं धुऊन न्हेतोय. कोळसा तेवढा धरून ऱ्हातोय. पर त्येला आदी..."

मी "असेल, असेल" म्हणालो आणि पेपर उघडला. आधी काय, ते तिनं सांगितलं असणार. मी ऐकलं नाही. तिच्या बोलण्यातलं निम्मं मी असंच पेपराच्या पलीकडं घालवलं, आणि आज त्यातलं एखादं वाक्य परत मिळावं म्हणून जीव तुटतो.

विहिरीच्या कडेला आमचा चार गुंठ्यांचा तुकडा होता. वर चार बोटं माती आणि खाली नुसता मुरूम. तिथं ऊस येत नव्हता, भुईमूग येत नव्हता. घातलेलं खत पाण्याबरोबर खाली निघून जायचं. बाकीची शेती माझा धाकटा चुलतभाऊ बघायचा, पण या तुकड्याकडं तोही फिरकत नसे. तो तिनं मागून घेतला, गोठ्यातून काढलेला कोळसा त्यात मिसळला आणि वांगी लावली. काटेरी देठाची, जांभळी, चकचकीत वांगी. मुलगी कबनूरला दिली होती, तिच्याकडं दर पंधरवड्याला पिशवी भरून वांगी जायची. तिच्या घराच्या दोन्ही अंगांना यंत्रमाग, त्यांच्या खडखडाटात बोललेलं ऐकू येत नसे. मी पिशवी घेऊन गेलो की ती नुसती हसायची आणि पिशवीत नाक घालायची. नाक बापाचं होतं, पण माज नव्हता.

मग एका पावसाळ्यात बायकोला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत ती गेली.

म्हैस मला धार काढू देईना. चुलतभावाची बायको येऊन काढायची, पण म्हैस दिवसभर परसदाराकडं तोंड करून हंबरायची. मला ते ऐकवेना. तिसऱ्या आठवड्यात मी ती विकून टाकली आणि गोठ्याला कडी घातली. वास बंद झाला. घर इतकं स्वच्छ झालं की त्यात बसवेना. कचेरीत कुणी "कसं काय?" विचारलं की मी "चाललंय" म्हणायचो. चाललेलं काही नव्हतं. करपलेली भाकरी पाण्याच्या घोटाबरोबर ढकलायची, स्वतःचं ताट स्वतः विसळायचं आणि कुणाशी भांडण नाही म्हणून लवकर आडवं व्हायचं. एकट्या माणसाला रागावायलासुद्धा कुणी लागतं, हे मला तेव्हा कळलं.

वर्ष होत आलं तेव्हा चुलतभाऊ आला. उंबऱ्यावरच बसला आणि म्हणाला, "दादा, विहिरीजवळचा तुकडा पडून हाय. रस्त्याच्या कामाला मुरूम पायजे ठेकेदाराला. काढू देऊ या की."

जमीन सामाईक होती, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. मी "बरं" म्हणणारच होतो. तेवढ्यात डोळ्यांपुढं खड्डा आला. ती वाकून वांगी तोडायची त्या जागी पुरुषभर खोल खड्डा, त्यात पावसाचं हिरवं पाणी. तोंडातून निघून गेलं, "मी एक पीक बघतो."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "तुमी? दादा, तुमाला कोथमीर आन् मेथी एका पेंडीत दिली तर वळखायची न्हाई."

"एक पीक," मी म्हणालो.

"बगा. आलं तर आलं. न्हाय आलं तर मुरूम काढायचा, मग कुरकुर न्हाई."

मी रजा टाकली आणि कामाला लागलो. पाचट ओढलं, तुरकाट्या मागून आणल्या, खड्डा पेटवला. पहिल्यांदा घाई करून उकरला, तर आतला निखारा वारा लागून भडकला आणि सगळ्याची राख झाली. दुसऱ्यांदा नीट जमलं. कोळसा काढला, बडवला, चाळणीनं चाळलासुद्धा. कारकुनाचा हात, कुठं खडा राहू दिला नाही. गोठ्यात अंथरायची पायरी मी वगळली. गोठ्यातलं काम माझ्या नाकासाठी होतं, आणि नाक आता तृप्त होतं. कोळसा सरळ रानात घातला, चांगला सढळ हातानं. ती टोपलीभर घालायची तिथं मी दोन टोपल्या घातल्या. मग रोपं आणून लावली.

पंधरा दिवसांत रोपं पिवळी पडली. पाणी जास्त झालं म्हणून कमी केलं, कमी झालं म्हणून जास्त केलं. रोपं वीतभर उंचीला थांबली ती थांबलीच. रोज सकाळी कचेरीला जाताना सायकल बांधाला टेकवायचो, बघायचो आणि तोंड पाडून पुढं जायचो. तिचा तुकडा माझ्या हातानं मरत होता. चुलतभाऊ बांधावरून जाताना काही बोलत नसे. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्या रविवारी मुलगी आली. मी तिला काही सांगितलं नव्हतं. ती सरळ रानात गेली, रोपापाशी उकिडवी बसली, मूठभर माती उचलून नाकाशी धरली. बराच वेळ धरली.

"आबा, ह्येला वास न्हाई," ती म्हणाली.

"वास कशाला पाहिजे?"

"आईच्या कोळशाला यायचा की. गोठ्यात घातला न्हवता काय तुमी?"

"म्हैस कुठं आहे आता?"

तिनं माती खाली टाकली आणि हात झटकले. "आबा, नुसता कोळसा भुकेला असतोय. मातीत घातला की मातीचंच खाऊन बसतोय, रोपाला काय ठेवत न्हाई. आई म्हणायची, आदी त्येला गोठ्यात जेवू घालायचं. म्हशीचं मूत गटारीला जायचं ते त्यो पिऊन घेतोय, मग रानात गेल्यावर थोडं थोडं रोपास्नी देतोय. तुमाला कधी सांगितलं न्हाई व्हय तिनं?"

सांगितलं होतं. मी पेपर वाचत होतो. पण हे मुलीला सांगायची छाती झाली नाही.

आणि इतकी वर्षं मी समजत होतो की गोठ्यातला तो कोळसा माझ्या नाकासाठी होता. लाज वाटली. म्हशीच्या मुताला होती तेवढी किंमतही मी त्या कामाला दिली नव्हती.

"शेवटी आईनं अंथरलेला कुठाय?" मुलीनं विचारलं.

आम्ही घरी आलो. मी गोठ्याची कडी काढली. म्हैस गेल्यापासून आत कुणी गेलं नव्हतं. फरशीवर थर तसाच होता, वाळून कडक झालेला, त्यात म्हशीच्या खुरांचे ठसे. भिंतीच्या कडेला मूत पिऊन भरलेल्या कोळशाचा ढीग पोत्याखाली झाकून ठेवलेला. खराटा कोपऱ्यात उभा. मुलीनं ढिगावर तांब्याभर पाणी शिंपडलं आणि वास उठला. तोच वास. मी नाक मुरडलं नाही. तिथंच उंबऱ्यावर बसलो.

"सगळ्या रानाला न्हाई पुरायचा," मुलगी म्हणाली. "पर आळ्याला मूठ मूठ घाटला तर पुरंल." मग ती काकाकडं गेली आणि अजून एक लावण मागून आली. तो म्हणाला म्हणे, "तू म्हंतीस म्हणून. पर ही शेवटची." संध्याकाळच्या गाडीनं ती कबनूरला गेली.

मला मात्र तो कोळसा उचलवेना. तिच्या हातचं घरात तेवढंच उरलं होतं. तिच्या साड्या मुलीनं नेल्या होत्या, लोणचं संपलं होतं. हा थर तिनं आजारी पडायच्या आदल्या दिवशी अंथरला असेल. रानात घातला की संपला. कचेरीतून आलो की मी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसायचो, थोडं पाणी शिंपडायचो आणि बसून राहायचो. असे आठ दिवस गेले. लावणीची वेळ टळत चालली. कडी काढून वास घेत बसलेला मी, ज्यानं त्या बाईला जन्मभर परत परत मोरीत पाठवलं. नवव्या दिवशी ती पाठीमागं उभी राहून म्हणाल्यासारखं वाटलं, "आता काय पुजताय त्येला?" ती असं नक्की म्हणाली असती. मी उठलो आणि खरवडायला घेतलं.

प्रत्येक आळ्यात एक मूठ. शेवटच्या टोपलीला मुठी लहान लहान होत गेल्या. शेवटची मूठ मी बराच वेळ हातात धरली, आणि मग तीही घातली.

नवी रोपं लावली, ती धरली. पानं गर्द झाली, फुलं आली, आणि एका सकाळी पानाखाली सुपारीएवढं वांगं दिसलं. पुढं पाटी भरू लागली तेव्हा चुलतभाऊ बांधावर आला. एक वांगं तोडून त्यानं हातात तोललं आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे मुरूम." एवढं बोलून तो मोटेच्या जुन्या धावेच्या उतारावरून खाली गेला. मी जिंकलो होतो. मागं वळून कुणाला तरी सांगायला गेलो आणि मागं विहीर होती.

पुढच्या लावणीला तिचं काही उरलं नव्हतं. मग मी म्हैस आणली. धार काढायला चुलतभावाची बायको येते म्हणाली, कोळसा मात्र मी करायचा आणि मीच अंथरायचा, असं ठरलं. पहिला थर आठ दिवसांनी भरला. कचेरीतून येऊन मी तो हातानं ओढून भिंतीकडेला लावला, पोत्यानं झाकला. मग साबण लावून हात धुतले, भाकरी वाढून घेतली आणि जेवायला बसलो.

पहिला घास तोंडाशी नेला आणि वास आला. सवयीनं मान वर केली, "परत हात धू" म्हणायला. समोर कुणी नव्हतं.

उठलो. मोरीत जाऊन पुन्हा साबण लावला, राखेनं घासले, नखंसुद्धा काढली. परत येऊन बसलो आणि बोटं नाकाशी धरली. वास होताच. तो धुऊन जात नाही. म्हणजे ती वाढायला यायची तीच हात धुवून, रोज.