रविवारचं बॉनेट

तिसरा तास चालू होता. वर्गात फोन घ्यायचा नाही हा नियम सिल्लोडच्या आमच्या शाळेत मीच सगळ्यांना ऐकवत असते. पण दिलीप, माझा नवरा, शाळेच्या वेळेत कधी फोन करत नाही, म्हणून व्हरांड्यात येऊन उचलला. तो एवढंच म्हणाला, "नाना गेले." नाना म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणायचे, आमच्याकडच्या सगळ्या सुना म्हणतात तसं. सकाळी त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला होता, साखर कमी पडली म्हणून कुरकुरले होते आणि दहाच्या सुमारास खुर्चीत बसल्या बसल्याच त्यांची मान कलली होती. ब्याऐंशी वर्षांचे होते. अशा वेळी गाडी चालवू नका, असं शाळेतले सगळे म्हणत होते, तरी मी एकटीच निघाले. वाटेतलं फुलंब्री येईपर्यंत रडले. मग लक्षात आलं की इतक्या खराब रस्त्यावरही इंजिन एका सुरात चाललंय, कुठं खटखट नाही, कुठं कुरकुर नाही… आणि त्या अवस्थेतही मला बरं वाटलं. या गोष्टीला आता तीन आठवडे झाले.

मामांचं आणि माझं सुरुवातीला फारसं जमायचं नाही. त्यांची सगळी नोकरी बसच्या वर्कशॉपमध्ये गेली होती, त्यामुळे मी सिल्लोडला जाण्यासाठी जुनी गाडी घेतली तेव्हा त्यांनी एकच वाक्य काढलं, "बस जाती की तिकडं." मला ते लागलं. पुढे वर्षभर मी गाडीबद्दल त्यांना काही विचारलं नाही आणि त्यांनी काही सांगितलं नाही. मग एकदा मी हौसेनं एका धुण्याच्या ठिकाणी गाडी दिली. तिथल्या माणसानं बॉनेट उघडून जोरदार फवाऱ्यानं इंजिन धुवून काढलं. काय चकचकीत दिसत होतं! दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर, माझी वर्गावर नेमणूक, आणि गाडी सुरूच होईना. धावतपळत बस गाठली, उशिरा पोचले, बोलणी खाल्ली. संध्याकाळी घरी आले तर हडको वसाहतीतल्या आमच्या दारासमोर बॉनेट उघडं होतं आणि मामा वायरींचे जोड एकेक सोडवून फडक्यानं पुसत होते. रागावतील असं मला वाटलं. ते मान वर न करता म्हणाले, "इंजिनाला आंघोळ घालायची नसती, वैशाली. तापातल्या माणसाचं अंग पुसून घेतो ना, तसं पुसायचं."

त्या दिवसापासून दर महिन्याचा पहिला रविवार आमचा ठरला. इंजिन थंड असलं पाहिजे, ही पहिली अट. मग बॅटरीची एक वायर काढायची, फ्यूजचा डबा, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि हवा आत जाते ते तोंड पिशव्यांनी बांधायचं, वायपरखालच्या जाळीत अडकलेला लिंबाचा पाला हातानं वेचायचा. त्यानंतर साबणाचं पाणी, रंगाचा ब्रश आणि गुलमंडीच्या बाजारातून आणलेली सुती कापडं. धार कुठंच मारायची नाही. शेवटी बॉनेट उघडं ठेवून उन्हात वाळवायचं आणि तोवर चहा. मामा एरवी मोजकं बोलत, पण त्या दोन तासांत वर्कशॉपमधल्या माणसांच्या गोष्टी निघत, आणि माझ्याही शाळेतल्या. नवऱ्याला सांगितल्या नसतील अशा गोष्टी मी त्यांना सांगितल्या आहेत.

मग काचबिंदूनं त्यांची नजर ओढून नेली. आधी कडा गेल्या, मग जवळजवळ सगळंच. मामा खोलीतून बाहेर येईनासे झाले. जेवणाचं ताट अर्धं परत येऊ लागलं. दोन रविवार असे गेले. तिसऱ्या रविवारी मी त्यांच्या दारात उभी राहून म्हणाले, "मामा, चला. डोळे माझे, डोकं तुमचं."

"मला काय दिसतंय आता? मी तिथं येऊन काय करू?"

"स्टुलावर बसा. मी चुकले की ओरडा."

ते आले. ओरडलेही भरपूर. ते विचारत आणि मी बघून सांगत असे. बोटांनी चाचपून ते कोणता पाइप कुठं जातो ते सांगत, आणि ते नेहमी बरोबर असे.

गेल्या वर्षी फर्दापूरला माझ्या भाचीचा साखरपुडा होता. माझी मुलगी सई सकाळीच नटून मागच्या सीटवर जाऊन बसली होती. आदल्या दिवशीच सफाई झाली होती, तरी निघण्याआधी मामांनी इंजिन दहा मिनिटं चालू ठेवायला लावलं आणि विचारलं, "बघ, कुठं ओलं दिसतंय का?"

रेडिएटरच्या वरच्या पाइपाजवळ बारीक ओली रेघ होती. "कालचं पाणी राहिलं असेल," मी म्हणाले. मला उशीर होत होता.

"कालचं ऊन लई कडक व्हतं. रंग कसाय?"

"हिरवट."

"मग पाणी नाय ते, रेडिएटरमधलं कूलंट हाय. बंद कर. निवू दे, मग हात लाव."

सई आतून हाका मारत होती, मी चिडले होते, आणि मामा स्टुलावरून हलायला तयार नव्हते. शेवटी मेकॅनिकला बोलावलं. त्यानं पाइप नुसता दाबला तर क्लिपजवळ तो चिरतच गेला. मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, ये अजिंठा घाट में फटता." सफाई झाली नसती तर काळ्या मेणचट इंजिनावर ती रेघ कुणालाच दिसली नसती. पाइप बदलून आम्ही तासभर उशिरा निघालो. मी मामांना म्हणाले, "तुमच्यामुळं वाचलो." ते म्हणाले, "पाहिलं कुणी? तू." त्या दिवशी रात्री त्यांनी दोनदा भात मागून घेतला, हे मला घरी थांबलेल्या दिलीपनं नंतर सांगितलं.

मामांची खोली आम्ही अजून आवरलेली नाही. खरं तर आवरण्यासारखं तिथं फारसं नाही. मात्र खिडकीत घरातले जुने टूथब्रश ठेवलेले असतात. इंजिनाच्या बारीक सापटीत मोठा ब्रश जात नाही म्हणून ते मामा प्रत्येकाकडून मागून घेत. परवा सईनं नवा ब्रश काढला आणि जुना सवयीनं त्या खिडकीत नेऊन ठेवला. मी म्हणाले, "अगं, तिथं कशाला?"

ती म्हणाली, "मग कुठं ठेवू?"

मी तो बाकीच्या ब्रशांशेजारी नीट लावून ठेवला. पहिला रविवार चार दिवसांवर आलाय. खिडकीत आता पाच ब्रश झालेत.