एकतीस डिसेंबरचा नळ

डिसेंबर लागला की आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एकच विषय असतो, कुणाच्या किती सीएल शिल्लक आहेत. एकतीस तारखेपर्यंत घेतली नाही तर ती रजा गेली, पुढच्या वर्षात येत नाही. पुरुष शिक्षकांच्या चार-चार उरलेल्या असतात आणि आता एवढ्या घेऊन करायचं काय, म्हणून ते सुस्कारे सोडतात. माझी कधी एक उरत नाही. मुलीचा ताप, नणंदेच्या घरचं कार्य, न सांगता टपकलेले पाहुणे, सगळं माझ्या सीएलवर निभतं. गेल्या वर्षी मात्र मी हट्टानं एक वाचवली होती आणि ती कुणालाही देणार नव्हते. ती आईची होती.

आई कारंज्याला एकटी राहायची. दोन खोल्या, वर टिनं, पुढे अंगण. माझे बाबा गेले तरी तिनं ते घर सोडलं नाही. जन्मभर जिनिंगमध्ये कापसाच्या गंजीवर राबलेली बाई, दुसऱ्याच्या घरी बसून खाणं तिला जमत नाही. पण दिवाळीनंतर ती अंगणात पडली, हात मोडता मोडता वाचला, आणि पुण्याच्या भावानं ठरवून टाकलं की आता पुरे. दोन जानेवारीला तो गाडी घेऊन येणार आणि तिला कायमची नेणार. घर भाड्यानं द्यायचं.

आईनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. फोनवर म्हणाली, "तू एक दिवस ये. काई आणू नोको, काई करू नोको. नुसती ये अन् दिवसभर लोळ माह्यापाशी. मंग या घरात कधी होते का नाई कोनाले मालूम."

आईनं आजवर काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी शिकत असतानाही तीच पैसे पाठवायची आणि तीच विचारायची, पुरले का म्हणून. तेव्हा एकतीस डिसेंबरचा अर्ज मी लगेच दिला आणि मुख्याध्यापकांनी सही केली. घरी येऊन कॅलेंडर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. एकतीस तारखेवर मीच पेनानं गोल करून ठेवला होता. त्या दिवशी नळ होता.

आमच्या वऱ्हाडातल्या मालेगावात नळ आठ दिवसांनी येतो. कधी नवव्या दिवशी येतो, पाइपलाइन फुटली तर अकराव्या. पहाटे येतो नाहीतर ऐन दुपारी, सांगून येत नाही. आणि नळ भरणं हे साधं काम नाही असं मी म्हटलं की घरात हसतात. पहिली दहा मिनिटं गढूळ पाणी असतं, ते मोरीत नि झाडांना. मग प्यायचं पाणी, कपड्यानं गाळून, दोन हंडे आणि माठ. मग पाइप अंगणातल्या हौदात. हौद भरत आला की मोटर लावून गच्चीवरची टाकी. मोटरीला आधी लोटाभर पाणी पाजावं लागतं, नाहीतर ती नुसती गुरगुरते. वीस वर्षं हे मी करते आहे. मुलीच्या बाबांना मोटरीचं बटन कुठं आहे असं विचारलं तर ते पुढच्या दाराकडे बोट दाखवतात. तिथं बेलचं बटन आहे.

मुलीच्या बाबांनी, आता मीही त्यांना बाबाच म्हणते, स्वतःही एकतीसची रजा टाकली होती. ते सरकारी कचेरीत आहेत, त्यांच्या रजा नेहमीच उरतात. मित्राच्या शेतात संध्याकाळी रोडग्यांचा बेत होता, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी आणि नवं वर्ष. मुलगी पुण्याहून सुट्टीवर आली होती. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मी म्हटलं, मोटर एकदा दाखवून ठेवते, तर म्हणाली, "मम्मी, मी कॉम्प्युटरची आहे, मोटरची नाही." पुण्यात राहून तिची भाषा सुधारली असं तिचे बाबा कौतुकानं सांगतात. घाबरली की ती लगेच वऱ्हाडात परत येते, हे मात्र ते सांगत नाहीत.

मग मी एका कागदावर चौदा मुद्दे लिहिले आणि तो फ्रिजवर चिकटवला. कोणता पाइप, कोणता कॉक, कोणतं फडकं. बाबांनी तो कागद वाचला आणि हसायलाच लागले. "अवं, नळ भरायचा हाये, विमान नाई उडवायचं. तू जाय बिनधास्त. आमी दोघं हाओत ना."

सकाळी सातची एसटी धरली. गाडी शेलूबाजारच्या स्टँडवर थांबली तेव्हा घरी फोन झाला. नळ आला नव्हता, मुलगी झोपेत होती आणि बाबा आंघोळीला गेले होते. कारंजा येईपर्यंत आणखी एकदा बोलणं झालं. आता बाबा पेपर वाचत होते. घरात पाण्याचा दिवस आहे आणि हा माणूस पेपर वाचतो, या विचारानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आईच्या घरातलं अर्धं सामान बांधून झालं होतं. भांडी पोत्यात, कपडे दोन गाठोड्यांत. बुद्धाची मूर्ती तेवढी जागेवर होती, ती सगळ्यात शेवटी उचलायची आणि गाडीत मांडीवर घ्यायची असं तिनं ठरवलं होतं. चुलीवर तुरीच्या शेंगा उकडून ठेवल्या होत्या. सोल्यांची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची, भाजी झाली होती, भाकरीचं पीठ परातीत काढून ठेवलं होतं. आणि अंगणात, उन्हाच्या पट्ट्यात, तिनं वाकळ अंथरली होती. तिच्यावर शेजारी शेजारी दोन उशा.

"चाल, पाय धू अन् पड," आई म्हणाली. मी पडले. डिसेंबरचं ऊन, खाली आईची जाड वाकळ, बाजूला आई शेंगा सोलून माझ्या हातावर दाणे ठेवत होती. पन्नाशीला आलेली मी, आणि माझ्या हातावर कुणी तरी दाणे ठेवतंय. किती बरं वाटलं ते काय सांगू. आई म्हणाली, "हे जागा तुह्या बाबानं कशी घेतली, तुले माहीत हाये का?" मला माहीत नव्हतं. ती सांगायला लागली, की त्या साली जिनिंग दोन महिने बंद होतं, आणि माझे बाबा एक दिवस सायकल घेऊन...

तेवढ्यात फोन वाजला. "मम्मी, नळ आला!" मुलगी अशी ओरडली की जणू मंत्री आला.

त्यानंतरचे तीन तास मी काय काय बोलले ते मलाच सलग आठवत नाही. हिरवा पाइप नव्हे, काळा. मोरीत सोड आधी. अगं सोडलं का? किती वेळ झाला? रंग कसा आहे? कसा म्हणजे, चहासारखा की भाताच्या पेजेसारखा? बाबा कुठं आहेत? बाबा वांगी आणायला बाजारात गेले होते. नळ आलेला असताना हा माणूस वांगी आणायला गेला! आई आत जाऊन भाकरी थापायला बसली होती. थप थप आवाज येत होता आणि मी एक बोट कानात घालून अंगणात फेऱ्या मारत होते.

"जेवून घे व, भाकर थंडी होऊन राह्यली," आई ताट घेऊन आली.

"हो मा, एकच मिनिट."

मग व्हिडिओ कॉल. मुलीनं मोबाइल मोटरीसमोर धरला. मला तिचा अंगठा आणि भिंत दिसत होती. "ते नाही, त्याच्या खालचं. खालचं म्हणजे खाली, तिकडं कुठं चाललीस!" मी कारंज्यात हवेत बोट दाखवत होते. मोटर गुरगुरत होती. "मम्मी, हे नाई होऊन राह्यलं माह्याच्यानं!" आली वऱ्हाडात. पाणी पाज तिला, मी ओरडले, लोटाभर पाणी पाज. आईनं ताट झाकलं. थोड्या वेळानं उघडलं, भाजी परत आत नेली, गरम करून आणली. मधे एकदा तिनं परत सुरुवात केली, "तं तुह्या बाबानं सायकल..." मी हात वर करून तिला थांबवलं. वर्गात गडबड करणाऱ्या पोराला थांबवते तसा हात.

मोटर एकदाची चालू झाली. जरा हायसं वाटलं तोच शेजारणीचा फोन. "मॅडम, तुमची टाकी सांडून राह्यली. आमच्या मिरच्या भिजल्या ना सगळ्या." मग मुलीला फोन, ती उचलेना. बाबांना फोन, ते बाजारात. परत मुलीला. परत बाबांना. शेवटी बाबा घरी पोचले, मोटर बंद झाली. हौद भरला का, हंडे भरले का, माठावर झाकण ठेवलं का, हे सगळं विचारून झालं आणि मी फोन ठेवला तेव्हा तीन वाजून गेले होते.

अंगणातलं ऊन सरकून भिंतीपाशी गेलं होतं. आईनं वाकळ त्याच्यामागे ओढत नेली होती आणि तिच्या उशीवर ती झोपली होती. गालाखाली हात. दुसरी उशी तशीच, तिच्यावर सोललेल्या दाण्यांची वाटी. मी बाजूला बसून थंड भाकरी खाल्ली. आईला उठवावं असं दहादा वाटलं आणि उठवलं नाही, सकाळपासून चुलीपाशी होती, दमली असेल. साडेचारची गाडी होती. एक तारखेला शाळा होतीच. चार वाजता मी तिच्या खांद्याला हात लावला.

"झालं का पानी?" डोळे उघडताच तिनं विचारलं.

"झालं."

"बरं झालं. पान्याचं आधी पाहा लागते." तिनं उरलेल्या शेंगा पिशवीत भरल्या, दोन भाकरी फडक्यात बांधल्या. रागावली असती तर मी निदान भांडले तरी असते.

गाडीत खिडकीपाशी बसले आणि माझ्या तोंडाचा पट्टा मनातल्या मनात सुरू झाला. घरी गेल्यावर दोघांना समोर उभं करायचं. वर्षातला एक दिवस, एक दिवस तुम्ही मला आईपाशी बसू दिलं नाही. किती वेळा फोन केलेत ते दाखवतेच, म्हणून पुरावा गोळा करायला मी मोबाइलमधली फोनची यादी उघडली. मुलीचे फोन होते तीन, व्हिडिओ धरून. शेजारणीचा एक. बाबांचा एकही नाही. बाकीचे सोळा मी केलेले होते.

मी परत वर-खाली पाहिलं. अकरा वाजून बावन्न, मी. पंचावन्न, मी. अठ्ठावन्न, मी. आई भाकरी थापत होती ती वेळ, ताट घेऊन आली ती वेळ, भाजी दुसऱ्यांदा गरम केली ती वेळ, सगळी त्या यादीत होती आणि प्रत्येक ओळीपुढे बाहेर जाणारा बाण. सकाळी शेलूबाजारपासून मीच. टाकी सांडली ती सांडली असती, मिरच्या परत वाळल्या असत्या. कुणी मला बोलावलं नव्हतं. मला माझी एवढी चीड आली की शेजारच्या बाईनं बरं नाही का म्हणून विचारलं. माझ्याशिवाय घरात काही चालत नाही, हे मी वीस वर्षं तक्रार म्हणून सांगत आले आहे. खरं सांगायचं तर मला ते आवडतं. त्यांना जमलं असतं, हीच मला भीती होती.

घरी आले तर हौद काठोकाठ, हंडे भरलेले, माठावर झाकण. फ्रिजवरचा माझा कागद काढून मुलीनं नवा लावला होता, त्यावर पाच मुद्दे होते आणि पाचांत सगळं बसलं होतं. मी तरीही ओरडले. फरशी ओली कशी, फडकं वाळत का घातलं नाही, शेजाऱ्यांच्या मिरच्या उचलू लागायला गेलात का. बाबा शेतावरून आले ते धुराचा वास घेऊन आणि कागदात गुंडाळलेला एक रोडगा घेऊन. "भरला का नाई नळ?" म्हणाले. मी रोडगा खाल्ला. चांगला झाला होता, त्याचाही राग आला.

दोन तारखेला भाऊ आईला घेऊन गेला. आता ती पुण्यात पाचव्या मजल्यावर राहते. बरी आहे. नातू तिला खाली बागेत नेतो. माझ्या बाबांनी ती जागा कशी घेतली ते मी तिला नंतर दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "जाऊ दे व, जुन्या गोष्टी."

कारंज्याला होती तेव्हा आई फोनवर हॅलोसुद्धा म्हणायची नाही. घंटा थांबली की थेट सुरू, कुणाच्या घरी काय झालं, कोण मेलं, कुणाला पोरगी झाली, मी मधे हूं म्हटलं तरी चालायचं आणि नाही म्हटलं तरी. आता फोन तिनं केलेला असो की मी, आधी ती विचारते, "टाइम हाये का तुले? नसंन तं मंग करतो."

मी म्हणते, आहे, खूप आहे, बोल. ती तब्येत विचारते, मुलीचं विचारते. दोन मिनिटंही होत नाहीत तोच म्हणते, "चाल, ठेवतो. तुह्यी कामं असतीन," आणि मी काही बोलायच्या आत फोन ठेवून देते.