लोहपंखाचा बाप तिसऱ्यांदा उठला

जेवणाच्या सुट्टीत गॅरेजातल्या पेंटरने 'लोहपंख' या चित्रकथेचा नवा अंक उघडला आणि शेवटच्या पानावर त्याचं डोकंच सणकलं. लोहपंखाचा बाप पुन्हा जिवंत! हाताची घडी घालून दारात उभा.

"तिसऱ्यांदा उठला हा!" पेंटर गॅरेजभर ओरडला. "डोंगराखाली गाडलेला माझ्या डोळ्यांनी बघितला होता मी!"

गाडीखालून मिस्त्रीचं नुसतं तोंड बाहेर आलं. "मग घेतोस कशाला? दर महिन्याला विकतची डोकेदुखी."

घ्यायचा तो चित्रांसाठी. ठोकलेल्या गाड्यांना पुट्टी भरून, घासून, स्प्रे मारून नव्यासारखं करण्यात त्याचा जन्म चाललेला; रंगातली लबाडी त्याला लांबून कळायची. या चित्रकाराकडे लबाडी नव्हती. ओल्या रस्त्यावरचा दिव्याचा उजेड असा काढायचा, की वाटावं बोट लावलं तर भिजेल. आणि असल्या हातावर तो गोष्ट लिहिणारा खुशाल थुंकत होता. माणूस मारायचा, वाचकाला रडवायचं, आणि खप घसरला की मेलेल्याला झटकून उभं करायचं!

पण अंक सोडणं सोपं नव्हतं. लहानपणी तो आणि ताई एकाच अंकात डोकी खुपसायचे, पान कोण उलटणार यावरून एकमेकांच्या झिंज्या उपटायचे. वडील गेल्यापासून दोघांत बोलणं उरलं ते एवढंच: महिन्याला एक फोन, तोही लोहपंखावर. दुसरा विषय निघाला की दोघंही मुके. अंक सुटला तर ताईही सुटणार.

त्या संध्याकाळी गॅरेजातच तिचा फोन आला तेव्हा त्याचा पारा उतरला नव्हता.

"पूल काय काढलाय रे या वेळी!"

"चुलीत गेला पूल. मी आता वाचणार नाही."

मग ताई म्हणाली, "मी कधीचंच सोडलंय. दुकानात उभ्या उभ्या चित्रं बघते आणि तुला फोन लावते."

"म्हणजे मला उल्लू बनवत होतीस?"

"दुसरं काय बोलतोस तू माझ्याशी, ठोंब्या?"

त्याने हातातलं फडकं भिंतीवर भिरकावलं. "बोलू? बोलतोच. बाबा गेले तेव्हा कुठे होतीस?"

"कळवलंस कधी तू? सगळं आटोपल्यावर! तिऱ्हाइताला कळवावं तसं."

"मेलात तरी येणार नाही, असं तूच म्हणाली होतीस त्यांना! दार आपटून गेलीस!"

"हो, म्हणाले होते मी! बापलेकीचं भांडण होतं ते. रागात बोललेलं खरं धरलंस तू?" तिचा आवाज फाटला. "कागदावरचा बाप उठतो तरी. माझा कुठून उठणार?"

गाडीखालची ठाकठूक थांबली. पेंटरच्या कानशिलाची शीर अजून उडत होती.

"खरं नव्हतं धरलं," तो दात खात म्हणाला. "मुद्दाम नाही कळवलं. तुला चटका बसावा म्हणून."

"बसला. झालं समाधान?" ती धापा टाकत होती. "आता सांग. जाताना माझं नाव काढलं होतं का त्यांनी?"

"काढलं होतं."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, ती भवानी अजून आली नाही का."

ताई हुंदका देत म्हणाली, "आणि हे इतकी वर्षं पोटात ठेवलंस? नालायका! हलकटा!"

शिव्यांची सरबत्ती सुरू झाली. पेंटरही मागे हटला नाही. तोही तिला वाट्टेल ते बोलत सुटला. मिस्त्रीने गॅरेजचं शटर अर्धं ओढलं, खुणेने किल्ली दाखवली, फळीवर ठेवली आणि निघून गेला. फोन मात्र दोघांपैकी कुणीच ठेवेना.