यादीवरचं बोट

वालीवच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी सांडोरचे एक काका बसतात. कोडमधले बदल कमिट करण्याआधी, म्हणजे पक्के नोंदवण्याआधी, ते बदललेल्या फाइलींची यादी बोट ठेवून, रोझरी म्हणावी तशी पुटपुटत वाचतात आणि एकेकच फाइल घेतात. मला हसू यायचं. मी सगळ्या एकदम घ्यायचे.

परवा त्या घाईत सबमॉड्यूल, म्हणजे आमच्या प्रोजेक्टात जोडलेला दुसऱ्या टीमचा कोड, तेही यादीबरोबर गेलं. तो कोड आमच्याकडे जुन्या आवृत्तीवर सरकला आणि सगळ्यांचं काम अडलं. काकांनी तो निमूट जागेवर आणला. एवढंच म्हणाले, "आपली केळी काढताना शेजाऱ्याचा घड नाय कापायचा, बाय."

आज त्यांनीच स्क्रीन माझ्याकडे वळवला. "बघ, माझ्या यादीत काय जास्तीचं आलंय का?"

मी बोट ठेवून, पुटपुटत वाचलं. शेवटच्या ओळीत सबमॉड्यूल निघालं.